शेतातला तो कुबडा पूल: कोणासाठी बांधला, कशावर उभा आहे, आणि पाडत का नाहीत

तुम्ही फोटोसह पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये ब्रॉन्स्टनहून नॅप्टनकडे ऑक्सफर्ड कालव्याच्या काठानं चालताना शेतात एकटाच उभा असलेला विटांचा कुबडा पूल दिसला. दोन्ही बाजूंना गवत, गाव नाही, रस्ता नाही, कमानीवर फक्त एक आकडा. एवढा पक्का पूल कोणासाठी बांधला? कमानीच्या कडेला बोट मावेल अशा खाचा कसल्या? शेजारचा शेतकरी म्हणाला की तो त्यावरून ट्रॅक्टर नेत नाही, मग पूल पाडून काँक्रीटचा स्लॅब का टाकत नाहीत?

मी सव्वीस वर्षं इंग्लंडच्या मिडलँड्स भागात विटांच्या आणि दगडाच्या जुन्या पुलांची तपासणी आणि दुरुस्ती करतो आहे. यातले बरेच पूल असेच शेतातले. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा लागणार आहे, म्हणून पहिले दोन आधी घेतो.

तो पूल एका शेतकऱ्यासाठी बांधला होता. शब्दशः एका. ऑक्सफर्ड कालव्याचा कायदा पार्लमेंटनं १७६९ मध्ये केला. त्या कायद्यानं कंपनीला लोकांच्या जमिनीतून कालवा खणायचा अधिकार मिळाला. पण कालवा गेला की शेताचे दोन तुकडे होतात: घर आणि गोठा एका तीरावर, कुरण दुसऱ्या तीरावर. म्हणून त्या काळच्या कालव्यांच्या कायद्यांत एक अट असे. ज्याची जमीन तुटेल त्याला ये-जा करायला पूल कंपनीनं स्वतःच्या खर्चानं बांधायचा आणि पुढेही सांभाळायचा. अशा पुलाला इथे ॲकॉमोडेशन ब्रिज म्हणतात. मी मराठीत बोलताना शेतपूल म्हणतो. कंपनी गेली, कालवे १९४८ मध्ये सरकारी झाले, २०१२ पासून यातले बहुतेक कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत. जमिनीच्या मालकांच्या कितीतरी पिढ्या बदलल्या. तरी पुलाची जबाबदारी कालव्याबरोबर एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली.

आपल्याकडे ज्यांची जमीन रेल्वेलगत आहे त्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या कलम ११ मध्ये ‘ॲकॉमोडेशन वर्क्स’ होती, म्हणजे रुळांमुळे ज्यांची वाट तुटली त्यांच्यासाठी रेल्वेनं करून द्यायची फाटकं, पूल, मोऱ्या. ती कल्पना इंग्लंडच्या या जुन्या कायद्यांतूनच तिकडे आली.

तुम्ही चाललात त्या भागात असे पूल इतके दाट का, यालाही कारण आहे. कालव्याचा आराखडा जेम्स ब्रिंडलीचा. डोंगर फोडायचा नाही, मोठा भराव घालायचा नाही, जमिनीची समान उंची धरून वळत वळत जायचं, ही त्याची रीत. १७७२ मध्ये तो वारला, पुढचं काम सॅम्युअल सिमकॉकनं सांभाळलं, पण रीत तीच राहिली. नॅप्टनच्या पुढे मार्स्टन डोल्स ते क्लेडन हा सर्वांत उंचावरचा टप्पा पाहा. सरळ रेषेत पाच मैलांच्या आत बसणारं अंतर कालवा सुमारे अकरा मैल फिरून कापतो, वर्मलीटनच्या टेकडीला तर जवळजवळ वेढाच घालतो. मी फलटणकडचा. नीरा उजव्या कालव्याच्या काठी वाढलो, त्यामुळे हे वळण बघताना मला परकं वाटलं नाही. पाटाचं पाणीही असंच उंची धरून चालतं. पण कालवा जितका वळतो तितकी जास्त शेतं तो तोडतो, आणि तोडलेल्या प्रत्येक शेतामागे पूल द्यावा लागतो. खणण्यात वाचवलेले पैसे काही अंशी विटांत गेले.

पुढे पैसा खरोखरच संपत आला. कालवा १७७८ मध्ये बॅनबरीपर्यंत पोचला आणि तिथेच कित्येक वर्षं अडला. ऑक्सफर्ड गाठायला १७९० उजाडलं. म्हणून बॅनबरीच्या दक्षिणेला शेतपुलांचा वेगळा प्रकार जास्त दिसतो: लाकडी फळ्यांचा, एका बाजूनं वर उचलता येणारा पूल, मागे वजनाला दोन जाड तिरक्या तुळया. कमानीपेक्षा कितीतरी स्वस्त. स्ट्रॅटफर्ड कालव्याच्या दक्षिण भागात, जो १८१६ मध्ये पुरा झाला, याहून सुंदर युक्ती आहे. तिथे दोन्ही तीरांवरून बिडाचे दोन अर्धे पूल पुढे येतात आणि मधोमध काही बोटांची फट ठेवलेली असते. घोडा नाव ओढत आला की दोर त्या फटीतून पार जायचा, घोडा सोडायची गरज नाही. काठावरची वाट पुलाखालून न्यायची नाही, म्हणजे गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) लहान, म्हणजे खर्च कमी.

इथून खाचांकडे येतो. तुमच्या पुलाखालून काठाची वाट जाते. घोडा त्या वाटेनं पुढे गेलेला असे आणि नाव मागे असे, त्यामुळे ताणलेला दोर कमानीच्या कडेवर घासायचा. दोर सुती. तो पाण्यात, चिखलात पडायचा, त्यात वाळूचे कण अडकायचे आणि ओला दोर कानशीसारखा विटेवरून फिरायचा. शंभर-दीडशे वर्षांत त्या खाचा पडल्या. काही ठिकाणी कड वाचवायला बिडाची उभी पट्टी बसवली आहे. जवळ जाऊन पाहिलंत तर त्या लोखंडातही खाचा दिसतील. वळणावरच्या पुलाला त्या जास्त खोल असतात, कारण तिथे दोर कडेला दाबून जातो. याच अरुंद जागेत पाण्यालगत, दोन्ही भिंतींत समोरासमोर, एक-एक उभी सरळ खोबण असेल. ती वेगळी. काठ फुटला किंवा दुरुस्ती काढली तर त्यात फळ्या एकावर एक सोडून पाणी अडवतात.

आकड्याचं एका वाक्यात: पूल ओळीनं मोजलेले आहेत. ब्रॉन्स्टनच्या उत्तरेला मध्येच आकडे गळलेले दिसतील, कारण १८२९ ते १८३४ च्या दरम्यान तो भाग सरळ करून सुमारे चौदा मैल कमी केले आणि वळणांवरचे पूल वळणांबरोबर बाजूला पडले.

आता पूल स्वतः. त्याचं कुबड हौसेखातर नाही. खालून घोडा आणि माल भरलेली नाव जायला उंची हवी, दोन्हीकडची शेतं मात्र सपाट. चढ लांब आणि सौम्य केला तर माती जास्त लागते, म्हणून चढ आखूड आणि उभा. पुलाखाली कालवा एका नावेपुरता अरुंद केलेला असतो. या कालव्यावरची नाव सुमारे सात फूट रुंद, म्हणून पाणी तेवढंच आणि शेजारी घोड्याची वाट. गाळा फूटभर वाढला की विटा, सेंट्रिंग, मजुरी सगळंच वाढतं. विटा बहुतेक जवळच्याच मातीच्या भाजलेल्या, त्यामुळे काही मैल चाललात की पुलांचा रंग बदलतो. आणि वरून पाहिलं तर कठडे मध्ये जवळ आणि टोकांना फाकलेले दिसतात. गाडी वळून पुलावर चढावी म्हणून ते फाकवले आहेत, शिवाय वक्र भिंत मागच्या मातीचा दाब सरळ भिंतीपेक्षा चांगला पेलते. त्या फाकलेल्या भिंती किंचित मागे रेलूनही असतात. ओळंबा लावलात तर कळेल. पुष्कळ नवखे तपासनीस ‘भिंत झुकली’ अशी नोंद करून मोकळे होतात. ती झुकलेली नसते, तशीच बांधलेली असते.

कमान कशावर उभी असते, हे समजल्याशिवाय ट्रॅक्टरचं उत्तर कळणार नाही. रॉबर्ट हूकनं १६७५ मध्ये नियम मांडला तो आजही पुरतो. दोन टोकांना धरलेली साखळी जशी लोंबते, तो आकार उलटा केला की कमान उभी राहते. साखळीत नुसता ताण, कमानीत नुसता दाब. चुन्यातल्या विटा ताण जवळजवळ घेत नाहीत, दाब मात्र भरपूर घेतात. म्हणजे भाराची दाबरेषा (भार ज्या वाटेनं कमानीतून खाली उतरतो ती रेषा) कमानीच्या जाडीच्या आत राहिली की कमान सुरक्षित. आत ठेवायचं काम वरची माती करते. कमानीच्या पाठीवरचा आणि दोन्ही खांद्यांवरचा भराव हा नुसता रस्त्याखालचा भरणा नाही. त्याच्या वजनानं कमान घट्ट बसते आणि चाकाचा भार पसरत खाली उतरतो.

मी नवखा होतो तेव्हा एका ठेकेदारानं शेताला पाण्याचा पाइप न्यायला अशाच पुलाचा भराव एका खांद्यावरून काढला आणि दुसरा खांदा तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी उघड्या खांद्याकडच्या भागात कमान वर उचलली गेली आणि खालून माथ्याजवळ चार मिलिमीटरची फट दिसली. त्या रात्री आम्ही वाळूची पोती रचून उघडा खांदा पुन्हा दाबला आणि कमान टिकली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामाच्या कागदावर पहिली ओळ हीच असते: भराव काढायचा तर दोन्ही बाजूंनी सारखा, थोडा थोडा.

भारक्षमतेचा पहिला अंदाज आजही आम्ही मेक्सी नावाच्या पद्धतीनं काढतो. तिच्या मुळाशी पिपर्ड यांचं १९३० च्या दशकातलं काम आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी गाड्या कोणत्या पुलावरून जातील हे चटकन ठरवता यावं म्हणून ती सोपी केली गेली. सूत्र असं: कमानीची जाडी आणि माथ्यावरचा भराव यांची मीटरमध्ये बेरीज करा, तिचा वर्ग करा, ७४० नं गुणा आणि गाळ्याच्या १.३ घातानं भागा. उत्तर टनांत, एका आसासाठी. ७० च्या वर आलं तर ७० च धरायचं.

गाळा ६ मीटर धरा. कमान दीड विटेची, ०.३४ मीटर, भराव ०.३ मीटर. बेरीज ०.६४. उत्तर साधारण २९ टन येतं. मग ते प्रत्यक्ष स्थितीप्रमाणे कमी करायचं. दर्जा (विटांमधले चुन्याचे सांधे) झिजल्या आहेत म्हणून ०.८, भेगा आहेत म्हणून ०.७. उरले सोळा टन. आता तोच गाळा, पण कमान एकाच विटेची, ०.२३ मीटर, आणि भराव ०.१५ मीटर. उत्तर दहा टनांवर येतं, आणि तीच कपात केली की सहाच्या आत. काठावरून दोन्ही पूल सारखेच दिसतात. लहान गाळ्यांना ही पद्धत फाजील उदार ठरते हेही आता माहीत आहे, म्हणून सीमारेषेवरच्या आकड्यांसाठी आम्ही पुढची गणितं करतो.

या दोन आकड्यांमध्ये मला जी गोष्ट शेतकऱ्यांना दर वेळी सांगावी लागते ती दडलेली आहे. बेरजेचा वर्ग होतो. ट्रेलर माथ्यावर घासतो म्हणून कुणी कुबड खरवडून सपाट केलं, अर्धी वीत माती काढली, तर पुलाची ताकद तिसऱ्या हिश्शानं घटू शकते. वरून मात्र वाट जास्त चांगली झालेली दिसते.

तुम्हाला भेटलेल्या शेतकऱ्याचा निर्णय म्हणून शहाणपणाचा आहे. हा पूल गुरं, मेंढरं, घोडा जोडलेली गवताची गाडी यांच्यासाठी बांधला. आजचा बऱ्यापैकी मोठा ट्रॅक्टर एकटाच सात-आठ टनांचा असतो, आणि ट्रेलरसह जोडीला इथे सार्वजनिक रस्त्यावर २०१५ पासून ३१ टनांपर्यंत परवानगी आहे. रुंदीचंही तेच. प्रत्यक्षात कमान कोसळलेली मी क्वचित पाहिली, कठडा धडकेनं पाण्यात गेलेला मात्र दर वर्षी पाहतो. विटा कालव्यातून काढून पुन्हा वापराव्या लागतात, कारण जुनी वीट जाड असते. आजची ६५ मिलिमीटरची वीट तिच्या थरांशी जुळत नाही.

खरा शत्रू पाणी आहे. वरून पावसाचं पाणी भरावात शिरतं, कमानीच्या विटांच्या थरांमध्ये मुरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि थर एकमेकांपासून सुटतात. तपासणीत मी नावेत उभा राहून कमानीच्या पोटावर हातोडीनं ठोकत जातो. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं की खडूची खूण. गावाकडे गवंडी फरशी ठोकून पाहतो तसंच, आणि चाळीस लाखांच्या यंत्रापेक्षा मला आजही त्या आवाजावर जास्त भरवसा आहे. पिंपळ आपल्या गडकोटांचं जे करतो ते इथे ॲशचं रोप आणि आयव्हीचा वेल करतात. ते ओढून उपटायचे नाहीत, विटांसकट येतात. बुंध्याशी कापायचे, बुंधा मारायचा आणि मुळं वाळू द्यायची.

सिमेंटबद्दल मला राग आहे, आणि तो लपवत नाही. जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र असते. चुन्याच्या दर्जेतून ओल बाहेर पडते, शिवाय पूल थोडा हलला तर चुना ते सोसतो. कुणीतरी एकदा चांगल्या हेतूनं दर्जा कडक सिमेंटनं भरतो. मग ओल दर्जेतून न निघता विटेतून निघते, थंडीत विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा सुटतो. वीस-तीस वर्षांनी भिंतीवर सिमेंटची जाळी तेवढी पुढे आलेली आणि तिच्यामध्ये खोल गेलेल्या विटा, असं दृश्य असतं. तेव्हा ते सिमेंट काढतानाही विटांच्या कडा तुटतात. अशा एका कठड्यावर मी आणि दोन गवंडी सहा आठवडे छिन्नी घेऊन बसलो होतो.

चुन्याची अडचण वेगळी. तो पाच अंश सेल्सिअसखाली नीट धरत नाही, आणि कालवा दुरुस्तीसाठी बंद करून उपसतात तो नोव्हेंबर ते मार्च. दोन्ही गोष्टी एकमेकींवर उलटतात. म्हणून पाण्याखालचं काम हिवाळ्यात, कठड्याचं आणि कमानीच्या पोटाचं उन्हाळ्यात तराफ्यावरून, वर ओलं गोणपाट पांघरून. त्यातही फटींत वटवाघळं नाहीत ना, हे परवानाधारक जाणकाराकडून आधी पाहून घ्यावं लागतं. पाण्यालगत उडून किडे टिपणारी डॉबेंटन जातीची वटवाघळं अशा कमानींच्या सांध्यांत राहतात आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. एका पुलाचा सबंध एक हंगाम मी त्यांच्यासाठी पुढे ढकलला आहे, आणि ते बरोबरच होतं.

आता काँक्रीटचा स्लॅब. यातले पुष्कळ पूल दुसऱ्या श्रेणीच्या वारसा यादीत आहेत, तिथे परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पण यादी बाजूला ठेवली तरी मी सल्ला देणार नाही, आणि कारण निव्वळ इंजिनिअरिंगचं आहे. कमान दोन्ही बाजूंच्या भिंतींना अडीचशे वर्षं बाहेर ढकलते आहे आणि मागची माती त्या भिंतींना आत ढकलते आहे. दोघींचा तोल बसलेला आहे. कमान काढलीत की एक बाजू संपते आणि भिंती कालव्याकडे यायला लागतात. म्हणजे स्लॅबच्या आधी नवा पाया, नव्या भिंती, आणि भिंतीला लागून कालव्याला चिकणमातीचं जे अस्तर आहे ते फोडून पुन्हा बसवणं. नावांसाठी उंची तेवढीच हवी, म्हणजे चढही तसाच राहतो. हे सगळं वर्षातून चार वेळा मेंढरं न्यायला.

खरोखरच जड गाड्या न्यायच्या असतील तर भराव दोन्ही बाजूंनी सारखा उतरवून कमानीच्या पाठीवर काँक्रीटचा पातळ थर चढवता येतो, पाणी अडवणारा पडदा घालून वाट पूर्ववत करता येते. मी ते केलं आहे, चालतं. पण बहुतेक शेतपुलांना मी कमी सुचवतो: वजनाची पाटी, टोकाला दोन लाकडी खांब म्हणजे रुंद गाडी शिरणारच नाही, माथ्यावर मातीची उंची परत, पाणी वाहून जायला उतार, आणि दर दोन-तीन वर्षांनी चुन्याचं थोडं काम.

तुमच्या फोटोतल्या पुलाबद्दल मला एवढं दिसतं: दर्शनी कमानीत विटांच्या तीन कड्या आहेत, मधली कडी डाव्या खांद्यापाशी थोडी सुटलेली वाटते, आणि कठड्याच्या वरच्या निळ्या विटांपैकी चार गेल्या आहेत. पुन्हा जाल तेव्हा पुलाचा आकडा घेऊन ट्रस्टला कळवा. आकडा दिलात की त्यांना जागा शोधावी लागत नाही. कमानीच्या पोटाचा एक फोटो पाऊस पडल्यानंतर काढा, ओल कुठून उतरते ते त्यात स्पष्ट येईल.

वरून चालत गेलात तर चालेल का, हेही तुम्ही शेवटी विचारलं होतं. फाटकावर पिवळा बाण असेल तर ती पायवाट सर्वांची आहे, निळा असेल तर घोडेस्वारांचीही. बाण नसेल तर तो हक्क फक्त त्या शेताचा आहे. बाण असला तर जरूर जा, आणि फाटक बंद असेल तर बंदच ठेवा. पलीकडे मेंढ्या असतात.